हॉटेलच्या खोलीत ॲलर्जी सांभाळून, कमी खर्चात नाश्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीला दूध आणि शेंगदाणे चालत नाहीत. मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, म्हणून ते असलेले गहू, जव, राय बंद. तरी आम्ही प्रवास सोडलेला नाही. सकाळचा नाश्ता मात्र खोलीतच करतो. ओळखीपाळखीचे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. तुमच्या ॲलर्जीचा अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

हॉटेलात नाश्ता मिळतो, मग खोलीत खटाटोप कशाला?

दुपारचं आणि रात्रीचं जेवण बाहेरच होणार असतं. तिथे विचारून, समजावून, विश्वास टाकून खावं लागतं. दिवसातलं एक जेवण पूर्ण आपल्या ताब्यात असलं तर मनावरचा ताण कितीतरी हलका होतो. पोट भरलेलं असलं की बाहेर ‘हे नको, पुढे बघू’ असं ठामपणे म्हणता येतं. भुकेलेलं मूल घेऊन उभं राहिल्यावर आपण नको ते धोके पत्करतो, हे मी अनुभवाने सांगते.

दुसरं कारण बुफेचं. पदार्थ स्वतः सुरक्षित असला तरी त्याचा चमचा शेजारच्या भांड्यात जाऊन आलेला असतो. टोस्टरमध्ये सगळ्यांचे पाव भाजले जातात आणि चुरा आतच साठतो. सिलिअ‍ॅक असलेल्याला तो चुरासुद्धा पुरतो.

खोलीत स्वयंपाक करायला परवानगी असते का?

बहुतेक हॉटेलांत शेगडी, हॉटप्लेट, टोस्टर यांना मनाई असते, आणि ती योग्य आहे. धुराचा अलार्म वाजला तर पूर्ण इमारत रिकामी होते. इस्त्रीवर काही भाजायच्या क्लृप्त्या लोक सांगतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. इस्त्री खराब होते, आग लागू शकते आणि पुढच्या पाहुण्याच्या कपड्यांना तुमचं अन्न लागतं. या पानावरचं सगळं नुसत्या उकळत्या पाण्यावर किंवा त्याच्याशिवाय होतं.

बॅगेत नेमकं काय न्यायचं?

लोक आधी पदार्थांची यादी करतात. मी म्हणते, आधी भांडी. हॉटेलच्या खोलीत ॲलर्जीचा धोका पुष्कळदा पाकिटातून येत नाही, दुसऱ्याने वापरलेल्या भांड्यातून येतो. म्हणून पहिला खर्च यांवर करा: रुंद तोंडाचा, अर्ध्या लिटरच्या आसपासचा स्टीलचा थर्मास, घट्ट झाकणाचा एक डबा, माणशी एक चमचा, एक छोटी सुरी (विमानाने जात असाल तर ती चेक-इन बॅगेत), प्लास्टिकची पातळ कापायची चटई, भांडी घासायचा स्वतःचा छोटा स्पंज आणि बाटलीभर साबण. हॉटेलच्या पॅन्ट्रीतला स्पंज वापरू नका. त्याने काय काय घासलंय ते कोणाला माहीत नसतं.

चमच्यांवर आम्ही रंगीत टेप लावतो. हिरवी टेप मुलीची, तिच्याशिवाय कोणी तो चमचा उचलायचा नाही. ती चार वर्षांची असल्यापासून हा नियम पाळते, आणि पाहुण्यांनाही सांगते.

जागा असेल तर स्वतःची प्रवासी केटल. का, ते खाली.

खोलीतली केटल वापरली तर चालेल ना? त्यात पाणीच तर उकळतं.

पाणीच उकळतं असं आपण धरून चालतो. एका प्रवासात मीही तसंच धरलं. रात्री उशिरा पोचलो, सकाळी केटलमध्ये पाणी उकळून मुलीचे ओट्स भिजवले. दोन घास झाले आणि ती म्हणाली, “आई, ओठ खाजतायत.” ओठांभोवती गांधी उठल्या. औषध दिलं, डॉक्टरांना दाखवलं, तासाभरात उतरलं. मग मी केटल उजेडात धरली. तळाशी, कडेकडेने पांढरट पिवळा थर बसला होता. नखाने खरवडला तर चिकट लागला, आणि वास नासलेल्या दुधाचा. कोणीतरी तिच्यात दूध तापवलं होतं. ओट्सचं पाकीट घरून आणलेलं, त्याच पाकिटातले ओट्स तिने आदल्या आठवड्यात खाल्ले होते. दुसरं कारण मला सापडलं नाही.

उकळल्याने दुधातली प्रथिनं नाहीशी होत नाहीत. त्यांतलं केसीन तर उष्णतेला चांगलंच टिकतं. त्यामुळे ‘दोनदा पाणी उकळून टाकलं’ एवढ्याने केटल सुरक्षित होत नाही. लोक केटलमध्ये नूडल्स शिजवतात, अंडी उकडतात, सूप करतात.

म्हणून तीव्र ॲलर्जी असेल तर स्वतःची केटल न्या. परदेशी जात असाल तर व्होल्टेज बघा. अमेरिकेत साधारण १२०, जपानमध्ये १०० व्होल्ट असतात, जगात बऱ्याच ठिकाणी २२० ते २४०. २३० व्होल्टची केटल ११५ व्होल्टवर लावली तर ताकद चौथ्या हिश्श्यावर येते, पाणी तापतच राहतं, उकळायला फार वेळ लागतो. उलट केलं तर, म्हणजे कमी व्होल्टची केटल जास्त व्होल्टवर लावली तर, ती जळते आणि आगीचा धोका असतो. दोन्हींवर चालणारी केटल घ्यायची असेल तर तळाशी १००–२४० असं छापलेलं पाहून घ्या. प्लगचा साधा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही.

स्वतःची केटल नसेल तर? रिसेप्शनवर न वापरलेली केटल आहे का विचारा, कधी कधी मिळते. नाही मिळाली तर उजेडात आतून बघा, वास घ्या, साबणाने आणि स्वतःच्या स्पंजने घासा, वायरचा तळ मात्र भिजवू नका. आणि तरीही शंका राहिली तर त्या दिवशी थंड नाश्ता करा. त्यासाठीच पिशवीत एक थंड पर्याय कायम असावा.

नुसत्या गरम पाण्यावर पोटभर काय होऊ शकतं?

आमचा मुख्य पदार्थ थर्मासमधले ओट्स. रीत साधी आहे, पण एक पायरी बरेच जण गाळतात आणि मग ‘कच्चे राहिले’ म्हणतात. ती पायरी म्हणजे थर्मास आधी तापवणं. उकळतं पाणी भरून, झाकण लावून ५ मिनिटं ठेवायचं, मग ते ओतून टाकायचं. थंड स्टील गरम पाण्याची काही उष्णता स्वतःच पिऊन टाकतं.

मग त्यात ४० ग्रॅम ओट्स, म्हणजे साधारण अर्धा कप. चिमूटभर मीठ. वरून एक कप, म्हणजे २४० मिलिलिटर, उकळतं पाणी. चमच्याने तळापासून एकदा ढवळायचं, झाकण घट्ट लावून १० ते १५ मिनिटं विसरून जायचं. तेवढ्यात मुलांच्या आंघोळी होतात. झाकण उघडलं की वाफेबरोबर गोडसर वास येतो, आणि चमचा घातला की दाट पेज धरून येते. वर फळाच्या फोडी, बिया, थोडी दालचिनी. दालचिनी घरून छोट्या डबीत न्या, बाहेरच्या मसाल्यांच्या मिश्रणांत काय असतं त्यावर भरवसा नाही.

ओट्सखेरीज तांदळाच्या बारीक शेवया डब्यात घालून उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावलं की ४–५ मिनिटांत मऊ होतात. पाणी काढून मीठ, तेल, लिंबू. क्विनोआचे फ्लेक्स ओट्ससारखेच होतात. बटाट्याचे फ्लेक्स झटपट होतात आणि पोटाला आधार देतात, पण पाकीट नीट वाचा: काहींत दुधाची पावडर असते आणि टिकवण्यासाठी सल्फाइट घातलेलं असतं.

डबाबंद उकडलेले छोले आम्ही बऱ्याचदा घेतो. ओढून उघडायचं झाकण असलेला डबा घ्यायचा, चांगले धुवायचे, तेल-मीठ-लिंबू घालून खायचे. काही तापवायला लागत नाही, प्रथिनं मिळतात. कडधान्याची ॲलर्जी असलेल्यांनी अर्थातच टाळावेत.

चिया बिया दोन चमचे अर्धा कप द्रवात २० मिनिटं भिजवल्या की खिरीसारख्या होतात. कोरड्या चमचाभर तोंडात टाकून वर पाणी पिऊ नका. त्या घशातच फुगून अडकू शकतात.

ओट्समध्ये ग्लुटेन नसतं ना?

ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत ते गहू आणि जवाबरोबर फिरतात. साध्या पाकिटात भेसळ असतेच असं समजा. सिलिअ‍ॅक असेल तर ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्यायचे. अमेरिका आणि युरोपीय संघात या शब्दाचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही असा आहे. शिवाय सिलिअ‍ॅक असलेल्या थोड्या लोकांना ओट्समधलं ॲव्हेनिन हे प्रथिनही सोसत नाही. तुम्ही कधी खाल्लेच नसतील तर पहिला प्रयोग घरी करा, प्रवासात नको.

कुट्टू म्हणजे बकव्हीट नावाने गव्हाचा भाऊ वाटला तरी त्यात ग्लुटेन नसतं. त्याची स्वतःची ॲलर्जी मात्र काही लोकांना जोरदार असते.

दूध चालत नाही. ओट्समध्ये काय घालू?

पाणी. खरंच. पाण्यातले ओट्स बेचव लागतात कारण मीठ घातलेलं नसतं. मीठ, पिकलेलं केळं आणि चमचाभर बियांचं बटर (नुसत्या बिया वाटून केलेलं, दुधाचं नव्हे) एवढ्याने दुधाची आठवण येत नाही.

दुधासारखं काही हवंच असेल तर सोया, ओट किंवा तांदळाच्या पेयाची लहान, न उघडता बाहेर टिकणारी खोकी घ्या. लिटरभराचं खोकं स्वस्त पडतं, पण उघडल्यावर ते फ्रीजमध्येच ठेवावं लागतं. फ्रीज भरवशाचा नसेल तर अर्धं ओतून टाकावं लागतं, मग ते महागच ठरतं.

इथे तीन सापळे आहेत. ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात फक्त लॅक्टोज ही साखर फोडलेली किंवा काढलेली असते, दुधाची प्रथिनं तशीच असतात. ॲलर्जी असलेल्याला ते अजिबात चालत नाही. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना तेही बाधतं. आणि खोलीत चहाच्या ट्रेवर ठेवलेली ‘नॉन-डेअरी’ क्रीमरची पाकिटं: त्यांत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दूधच. नारळाच्या दुधाच्या पावडरीतही हे पुष्कळदा सापडतं. मी स्वतः एकदा दुकानात अशी पावडर टोपलीत टाकून पुढे गेले होते, मुलीनेच मागून पाकीट वाचून दाखवलं.

शेंगदाणे आणि बदाम-काजू बंद. मग प्रथिनं कशातून?

सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया. पण पाकिटावर त्या कुठे भरल्या हे वाचा, कारण बियांचं पॅकिंग सुकामेव्याच्याच कारखान्यात होणं नेहमीचं आहे. आम्ही घरच्या खात्रीच्या बिया भाजून छोट्या डबीत नेतो. तिळाची ॲलर्जी असेल तर मिश्र बियांची पाकिटं टाळाच.

ल्युपिन नावाच्या कडधान्याचं पीठ काही देशांत पाव आणि बिस्किटांत, विशेषतः ग्लुटेन-फ्री मालात घालतात. ते शेंगदाण्याच्या नात्यातलं आहे आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना त्रास देतं. मला ग्लुटेन-फ्री म्हणून सोयीचं असलेलं बिस्कीट मुलीला चालेलच असं नाही, हे या एका पिठाने आम्हाला शिकवलं.

अंडी?

ज्यांना चालतात त्यांनी बुफेतून सालासकट उकडलेलं अंडं घ्यावं. साल असेपर्यंत आत काही लागत नाही. हात धुऊन सोला, लगेच खा. केटलमध्ये अंडी उकडू नका, तुमच्यानंतर त्या खोलीत येणाऱ्याचा विचार करा.

फळं तरी निर्धास्त खाता येतात ना?

साल काढून खायची फळं हा प्रवासातला सगळ्यात स्वस्त आणि सोपा नाश्ता. केळं, संत्रं, कलिंगडाची स्वतः कापलेली फोड. कापून ठेवलेली फळं घेऊ नका, सुरी आणि पाटा दुसऱ्याचा असतो.

दोन अपवाद सांगते. लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना केळं, ॲव्होकाडो, किवी बाधतात. परागकणांची ॲलर्जी असलेल्या काहींना कच्चं सफरचंद खाल्लं की तोंडात खाज येते; तेच शिजवलेलं पुष्कळदा चालतं. त्यांनी सफरचंदाच्या पातळ चकत्या थर्मासमध्ये घालून बघाव्यात, पण आधी डॉक्टरांना विचारून. ही खाज दर वेळी तोंडापुरतीच राहील असं गृहीत धरू नये.

खोलीतला छोटा फ्रीज पुरेसा थंड असतो का?

बऱ्याचदा नाही. मिनीबारचे कित्येक फ्रीज पेयं गार राहावीत एवढ्यासाठीच असतात. अन्न ५ अंशांच्या आत हवं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. छोटा फ्रीज-थर्मामीटर फार महाग नसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पोचल्यावर आत ठेवायचा, सकाळी बघायचं. आमच्या खोल्यांत तो ९–१० अंश दाखवतो असं अनेकदा झालं आहे.

आणखी एक: दाराजवळच्या खाचेतून की-कार्ड काढलं की काही हॉटेलांत फ्रीजचीही वीज जाते. दिवसभर तुम्ही बाहेर, फ्रीज बंद. संध्याकाळी परत येऊन कार्ड घातलं की तो पुन्हा गार होतो आणि तुम्हाला कळतही नाही. कार्ड काढल्यावर फ्रीजचा दिवा जातो का ते पहिल्याच दिवशी दार उघडं ठेवून पाहा.

फ्रीज भरवशाचा नसेल तर असं सामान घ्या ज्याला फ्रीज लागतच नाही. ओले पदार्थ बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, ३२ अंशांवर उकाडा असेल तर १ तास. शिजलेला भात आणि भिजवलेल्या शेवया उरवून दुसऱ्या दिवशी खाऊ नका. भातातले काही जंतू बीजरूपाने शिजवल्यावरही टिकतात आणि कोमट भातात वाढून असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

मिनीबारमधल्या बाटल्या हलवताना जपा. काही फ्रीजमध्ये वस्तू उचलली की बिलात चढते. रिसेप्शनला सांगून तो रिकामा करून घेणं सोपं.

परदेशात लेबल कसं वाचायचं?

प्रत्येक देशाची यादी वेगळी असते, आणि यादीत नसलेली गोष्ट ठळक छापायचं बंधन नसतं. युरोपीय संघात १४ घटक पाकिटावर उठून दिसतील असे छापावे लागतात. त्यांत मोहरी, सेलरी, तीळ आणि वर सांगितलेलं ल्युपिनही येतं. अमेरिकेत ९ आहेत. नववा तीळ, तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. पण अमेरिकेच्या यादीत गहू आहे, जव आणि राय नाहीत. म्हणून माझ्यासारखीने तिथे ‘माल्ट’ (बहुधा जवापासूनचा) हा शब्द स्वतः शोधायचा असतो. जपानमध्ये कुट्टू सांगणं सक्तीचं आहे, तीळ सांगणं ऐच्छिक.

माझी पद्धत अशी: निघण्याआधी आमचे पाच-सहा शब्द त्या देशाच्या भाषेत, तिथल्या लिपीत, मोठ्या अक्षरांत एका कार्डावर लिहून घ्यायचे. दूध, केसीन, व्हे (हेही दुधातलंच प्रथिन), शेंगदाणा, गहू, जव. दुकानात फोनचं भाषांतर वापरते, पण लहान अक्षरांत आणि चकाकणाऱ्या पाकिटावर ते चुकतं. कार्ड हातात धरून अक्षर अक्षर जुळवलं की चूक कमी होते. आणि ओळखीचा ब्रँड दिसला म्हणून न वाचता घेऊ नका. एकाच नावाच्या मालाची कृती देशागणिक बदलते.

‘अंश असू शकतात’ असं लिहिलं असेल तर?

आम्ही घेत नाही. अमेरिका आणि युरोपीय संघात ही सूचना ऐच्छिक आहे. म्हणजे ती नसली म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. घरी असताना कंपनीला विचारता येतं, प्रवासात तेवढा वेळ नसतो. म्हणून प्रवासात घटक जितके कमी तितकं बरं: ज्या पाकिटाची यादी एका ओळीत संपते ते आधी.

टेबल आणि हात सॅनिटायझरने पुसले तर पुरे ना?

नाही. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याची प्रथिनं जागच्या जागी राहतात. हाताला साबण आणि पाणी, किंवा वेट वाइप्स. टेबलही साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि वर स्वतःचा स्वच्छ टॉवेल किंवा कापायची चटई अंथरा. पलंगावर बसून खाणं आम्ही टाळतो.

खर्च खरंच कमी होतो का?

होतो, पण हिशेब निघण्याआधी मांडला तर. माणसं गुणिले सकाळी. तिघं, ५ सकाळी, म्हणजे १५ नाश्ते. ओट्स ४० ग्रॅमप्रमाणे ६०० ग्रॅम. एवढंच वजन बॅगेत, आणि महिनाभराच्या घरच्या पाकिटातूनच निघतं. मी घरीच एकेका नाश्त्याचं कोरडं मिश्रण, म्हणजे ओट्स, मीठ, बिया, दालचिनी, छोट्या पिशव्यांत भरते. मुलीच्या पिशव्यांवर तिचं नाव. एकेकट्याची तयार पाकिटं दुकानात घेतली तर तोच माल कितीतरी महाग पडतो.

‘ॲलर्जी-फ्री’ असं झळकणारे खास बार आणि बिस्किटं आणीबाणीपुरती दोन-तीन ठेवा. रोजच्या पोटासाठी ती परवडत नाहीत. तांदूळ, बटाटा, केळं, छोले यांना खास लेबल लागत नाही.

सगळ्यात मोठी बचत बुकिंग करताना होते. नाश्त्यासकट आणि नाश्त्याविना असे दोन दर बघा. आपण बुफेत खाणारच नसू, तर त्याचे पैसे का भरायचे?

हॉटेलला आधी काय विचारायचं?

फोनपेक्षा ईमेल बरा, उत्तर लेखी राहतं. फ्रीज आहे का, तो रिकामा करून मिळेल का, वैद्यकीय कारणासाठी जादा फ्रीज विनाशुल्क देता का, केटल आहे का, जवळ किराणा दुकान किती अंतरावर आहे. वैद्यकीय कारण स्पष्ट लिहा. पुष्कळ ठिकाणी तेवढ्याने दार उघडतं. ‘आमच्याकडे ॲलर्जीची काळजी घेतात’ एवढं मोघम उत्तर आलं तर आभार मानून आपली तयारी पूर्ण ठेवा.

विमानातून काय नेता येतं?

कोरडं मिश्रण सहसा चालतं. बियांचं बटर, सॉस, पेयं हातातल्या बॅगेत द्रव धरली जातात, म्हणून १०० मिलिलिटरची मर्यादा बऱ्याच विमानतळांवर त्यांनाही लागते. ताजी फळं, बिया, मांस, दुधाचे पदार्थ सीमेपलीकडे न्यायला बऱ्याच देशांत बंदी किंवा बंधनं आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत: शंका असेल ते सगळं तिथे उतरताना भरायच्या अर्जावर जाहीर करा, लपवल्यास दंड होतो. निघण्याआधी त्या देशाचं सरकारी पान वाचा आणि डॉक्टरांचं पत्र हाताशी ठेवा.

ॲड्रेनलिनचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं का?

नाही. तीव्र ॲलर्जीच्या झटक्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं हे इंजेक्शन साधारण २० ते २५ अंशांवर ठेवायचं असतं. फ्रीज नको, खिडकीतलं ऊन नको, बंद गाडी तर नकोच. दोन इंजेक्शनं, आणि ती जिथे माणूस तिथे. तुम्ही नाश्त्याला खोलीत आणि इंजेक्शन गाडीतल्या बॅगेत, असं होता कामा नये.

श्वास अडणं, आवाज बसणं, घसा आवळणं, चक्कर, अंगभर गांधीसोबत उलट्या असं काही दिसलं तर आधी इंजेक्शन, मग फोन. अँटिहिस्टामिनच्या, म्हणजे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीची वाट बघत बसू नका, ती गोळी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारा ॲलर्जीचा झटका, थांबवत नाही. आडवं झोपवून पाय वर करा. श्वासाला त्रास असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. ५ ते १५ मिनिटांत उतार नसेल तर दुसरं इंजेक्शन. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. त्या देशाचा आपत्कालीन नंबर आणि हॉटेलचा पूर्ण पत्ता आम्ही दाराच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवतो. घाबरलेल्या माणसाला खोलीचा नंबरही आठवत नाही.

मुलं रोज तेच खाऊन कंटाळतात. काय करू?

तळ तोच ठेवा, वरचं बदला. एक दिवस केळं, एक दिवस मनुका, एक दिवस मीठ-मिरपूड आणि तेल. मनुकांवर मात्र सल्फाइट लिहिलंय का बघा. मुलीला मी रात्रीच पिशवी निवडायला देते आणि वरचं काय ते तिनेच ठरवायचं. दोन प्रकारांतून निवड असली तरी तिला पुरते. नवा पदार्थ चाखायचा असेल तर तो सुट्टीच्या दिवशी, घरी.

पहाटे पाचला निघायचं असेल तर?

रात्री थर्मास घासून उलटा वाळत ठेवा, पिशवी आणि चमचा त्याच्या शेजारी. उठल्या उठल्या केटल लावा, थर्मास तापवा, ओट्स घालून झाकण लावा आणि तसाच बॅगेत टाका. अर्ध्या-पाऊण तासाने, गाडीत बसून खाता येतात. उघडताना वाफ जपा आणि मूल मांडीवर असेल तर थर्मास दुसऱ्याच्या हातात द्या. केटल लावायलाही वेळ नसेल तर केळं, बियांची डबी आणि तो आणीबाणीचा बार. रिकामा डबा तिथेच विसरू नका. आमची हिरव्या टेपची पहिली चमचा-जोडी अशाच एका पहाटे एका बाथरूमच्या कट्ट्यावर राहिली.